हापूस : एका माणसाचं नाव

आम्ही खडवलीच्या बचत गटांतल्या.

आज एका नावाबद्दल बोलू या. आपल्याकडे हे नाव कुणी मुलाला ठेवत नाही, पण उन्हाळा आला की ते प्रत्येकीच्या तोंडी असतं. ते नाव म्हणजे हापूस.

हापूस हे मुळात माणसाचं नाव. पोर्तुगीज म्हणतात अफोन्सो. इंग्रजांनी केलं अल्फोन्सो, कोकणीत झालं आफूस आणि आपल्या मराठीत हापूस. पण हे नाव पोर्तुगालचंही मूळचं नाही. पाचव्या शतकात जर्मन भाषाकुळातले गॉथ लोक तिकडे जाऊन राहिले, त्यांच्याबरोबर ते गेलं. 'कुलीन आणि सज्ज' असा त्याचा एक अर्थ सांगतात. पोर्तुगालच्या सहा राजांचं नाव अफोन्सो होतं.

मग ते आंब्याला कसं लागलं? अफोन्सो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकलं. त्याच्यावरून आंब्याला नाव पडलं असं म्हणतात. तो १५१५ मध्ये वारला. आणि आंब्याची कलमं बांधण्याचं श्रेय ज्यांना देतात, ते जेझुइट पाद्री गोव्यात आले १५४२ मध्ये. म्हणजे ज्याचं नाव, त्याला बहुधा हा आंबा चाखायलाही मिळाला नाही!

आता आमची गोष्ट. एका वर्षी आम्ही स्टेशनबाहेर आंबे विकायला बसलो. आंबे इथल्याच कलमांचे, खोकी मात्र जुनी, 'देवगड' छापलेली. एका ताईंनी विचारलं, "देवगडचा का?" आम्ही हो म्हटलं. आठवड्याने त्या परत आल्या. म्हणाल्या, "आंबा गोड होता, पण देवगडचा नव्हता. माझं माहेर तिकडचं आहे." आमची मान खाली गेली. आंबा चांगला होता, खोटं बोलायची गरजच नव्हती.

कारण २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ठरलेल्या भागात पिकलेल्या हापूसलाच ते नाव लावायचं. त्या भागात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघरबरोबर आपला ठाणे जिल्हाही आहे. मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर बागवाल्याने आपली नोंदणी करावी लागते. त्याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.

आता आम्ही जुन्या खोक्यांवर कागद चिकटवतो आणि त्यावर लिहितो : हापूस, गाव खडवली, आणि खाली आमच्या गटाचं नाव. रायवळ असेल तर रायवळ लिहितो. बाहेरून आणलेला आंबा असेल, तर तो कुठला ते सांगतो.

मैत्रिणींनो, हापूसला नाव दुसऱ्याचं मिळालं, पण ते मोठं केलं ते आंब्याच्या चवीने. लोणचं असो, पापड असो, की आंबा, आपल्या मालावर आपल्याच गावाचं नाव लिहू या. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तेच नाव शोधत येईल.