सर्पगंधा आणि रक्तदाब
(डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या संशोधनाची हकीकत)



‘रक्तदाब वाढला आहे’ हें वाक्य आज घरोघरीं इतक्या सहजतेनें उच्चारलें जातें कीं, हा दाब दंडाला पट्टी बांधून मोजण्याची विद्या अवघी सव्वाशें वर्षांची आहे, याची आठवण सहसा कोणास होत नाहीं. इटलींतील रीवा-रोच्ची या वैद्यानें हवेनें फुगणारी पट्टी दंडाभोंवतीं आवळण्याची युक्ति १८९६ सालीं काढली. त्या पट्टीखालीं नळी लावून ध्वनि ऐकावयाचा आणि वरचा व खालचा असे दोन आंकडे सांगावयाचे, ही रीत कोरोट्कॉफ या रशियन शस्त्रवैद्यानें १९०५ मध्यें प्रसिद्ध केली. दाब मोजतां येऊं लागला. पण तो उतरवितां मात्र येईना. पुढील चाळीस वर्षें वैद्यांची स्थिति, ताप मोजणारें यंत्र आहे पण ताप उतरविणारी पुडी नाहीं, अशी होती.

किंबहुना हा दाब उतरवावा कीं नाहीं, याविषयींच मोठमोठ्या वैद्यांत शंका होती. रक्तवाहिन्या आकुंचित झाल्या आहेत, तेव्हां मूत्रपिंडाला व मेंदूला रक्त पोंचविण्यासाठीं हृदय अधिक जोर लावीत आहे. तो जोर आपण कां कमी करावा, असा त्यांचा युक्तिवाद असे. कारण न सांपडणाऱ्या रक्तदाबाला इंग्रजींत ‘इसेन्शियल’ असें विशेषण लावतात. पुष्कळांनीं त्याचा अर्थ शब्दशः ‘आवश्यक’ असाच घेतला! शब्दांच्या आहारीं गेल्यानें रुग्णांचें केवढें नुकसान होतें, याचें हें एक उदाहरण मानावयास हरकत नाहीं.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें वारले. त्या दिवशीं मोजलेला त्यांचा दाब ३०० वर १९० होता. जगांतील एका अत्यंत समर्थ राष्ट्राच्या प्रमुखाला देण्यासारखें वैद्यांजवळ काय होतें? विश्रांति, अळणी जेवण, एखादें शामक औषध आणि दुर्बल झालेल्या हृदयासाठीं डिजिटालिस. इतर जे उपाय होते ते रोगाहून फारसे सुसह्य नव्हते. डॉ. केंप्नर केवळ भात व फळें यांवर रुग्णांस महिनोन् महिने ठेवीत. कांहीं शस्त्रवैद्य पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे मज्जातंतु कापीत. थायोसायनेटसारखीं विषारी द्रव्येंही जपून जपून दिलीं जात.

अशा काळांत परळच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयांत, म्हणजे आपण ज्याला के. ई. एम. म्हणतों तेथें, हृद्रोगाचे एक तरुण पारशी वैद्य काम करीत होते. डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म मुंबईचा, १९११ सालचा. उच्च वैद्यकीय शिक्षण लंडनला झालेलें. विलायतेहून परतलेल्या वैद्यानें देशी मुळीकडे पाहून नाक मुरडावें, असा तो जमाना होता. वकिलांनीं नाकही मुरडलें नाहीं आणि मुळीची आरतीही ओवाळली नाहीं. त्यांनीं ती मुळी रुग्णांस दिली, आणि दाब मोजून लिहून ठेवला. दहा वर्षें हें चाललें होतें.

ही मुळी सर्पगंधेची. सर्पगंधा हें कमरेइतकेंही उंच न होणारें झुडूप. सर्पदंशावर त्याची मुळी देत. बिहारांत तर त्याचें नांवच ‘पागल की दवा’ असें पडलें होतें, कारण वेडाच्या भरांत असलेला मनुष्य तिनें शांत होऊन झोपीं जाई. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रांत तिला ‘राउवोल्फिया सर्पेंटिना’ म्हणतात. यांतली गंमत अशी कीं, सोळाव्या शतकांतील ज्या राउवोल्फ नामक जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ हें नांव दिलें, त्यानें हिंदुस्थानांत कधीं पाऊलही टाकलें नव्हतें.

रक्तदाबावर या मुळीचा उपयोग होतो, हें वकिलांनींच प्रथम शोधलें असें मात्र नव्हे. उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर सर्पगंधा गुणकारी आहे, असें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालींच छापून प्रसिद्ध केलें होतें. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयांत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं आपल्या सहकाऱ्यासह मुळींतील स्फटिकरूप द्रव्यें वेगळीं केलीं; त्यांतील एकाला हकीम अजमलखान यांच्या नांवावरून ‘अजमलीन’ असें नांव दिलें. पुढें कलकत्त्यालाच कर्नल रामनाथ चोप्रा यांनीं प्राण्यांवर प्रयोग केले. मग वकिलांचें श्रेय तें काय? माझ्या मतें तें असें : कलकत्त्याचा निबंध हिंदुस्थानाबाहेर कोणी फारसा वाचला नाहीं. वकिलांनीं आपला निबंध अशा ठिकाणीं आणि अशा भाषेंत मांडला कीं, परदेशांतील वैद्याला तो बाजूला सारतां येईना. आणि शंका असल्यास त्यानें स्वतः तोच प्रयोग करून पाहावा, इतका तपशील त्यांत दिला होता.

हा निबंध १९४९ मध्यें ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकांत आला. रक्तदाबाचे पन्नास रुग्ण निवडून त्यांना चार आठवडे सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दिल्या. औषधापूर्वींचा दाब, औषध चालू असतांनाचा दाब आणि औषध थांबविल्यानंतरचा दाब, हे सर्व आंकडे मांडले. चार आठवड्यांच्या अखेरीस शेंकडा ८५ रुग्णांचा वरचा दाब आणि शेंकडा ८१ रुग्णांचा खालचा दाब उतरलेला आढळला. औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम कांहीं आठवडे मागें रेंगाळतो, हेंही त्यांनीं नोंदलें. हिंदुस्थानांतील पन्नास नामांकित वैद्यांचें मत विचारलें असतां त्यांपैकीं ४६ जणांनीं रक्तदाबावर सर्पगंधेलाच पसंती दिली, अशीही माहिती त्या निबंधांत आहे.

आजच्या कसोटीनें पाहतां या प्रयोगांत एक उणीव आहे, ती झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. आदल्याच वर्षीं, १९४८ मध्यें, विलायतेंत क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चांचणी प्रसिद्ध झाली होती. तींत, कोणास औषध द्यावयाचें आणि कोणास नाहीं, हें वैद्याच्या मर्जीवर न ठेवतां केवळ यदृच्छेनें ठरविलें होतें. वकिलांच्या प्रयोगांत असा दुसरा गट नव्हता. आणि रक्तदाब ही मोठी लहरी वस्तु आहे. रुग्णालयांत पहिल्या दिवशीं तो भीतीनें चढतो. ओळख वाढली, पट्टीची संवय झाली, म्हणजे औषधावांचूनही थोडा खालीं येतो. तेव्हां उतारापैकीं कांहीं भाग या संवयीचा असला पाहिजे. पण सारा उतार तसा नव्हता, हें पुढील इतिहासानें सिद्ध केलें.

बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं हा निबंध वाचला, हिंदुस्थानांतून गोळ्या मागविल्या आणि आपल्या रुग्णांवर त्यांचा उपयोग करून पाहिला. त्यांनाही दाब हळूहळू उतरतांना दिसला. शिवाय रुग्ण शांत होतात, त्यांची तगमग कमी होते, असेंही आढळलें. इकडे स्वित्झर्लंडमध्यें बाझल येथील सिबा कंपनीच्या रसायनशाळेंत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनीं १९५२ मध्यें या मुळींतील मुख्य प्रभावी द्रव्य वेगळें केलें. त्याचें नांव रेसर्पीन. मूळ जेथें वजनदार मात्रेनें द्यावें लागे, तेथें या द्रव्याचा मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा पुरेसा होऊं लागला. १९५४ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतील मनोरुग्णालयांत डॉ. नेथन क्लाइन यांनीं त्याचा उपयोग मानसिक रोगांवर केला. म्हणजे बिहारच्या खेड्यांतील ‘पागल की दवा’ समुद्र ओलांडून पुनः आपल्या मूळच्या कामीं आली! १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक ज्या वैद्यांना विभागून मिळालें, त्यांत डॉ. वकील होते. पुढील वर्षीं भारत सरकारनें त्यांना ‘पद्मभूषण’ ही पदवी दिली.

हें औषध करतें तरी काय? आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींपर्यंत जे मज्जातंतु पोंचतात, त्यांच्या टोंकाशीं अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरॲड्रेनलीन नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें. मेंदूकडून हुकूम आला कीं थोडें द्रव्य बाहेर पडतें आणि वाहिनी आकुंचन पावते. रेसर्पीन या पिशव्या भरूंच देत नाहीं. कोठार रिकामें, मग हुकूम येऊन उपयोग काय? वाहिन्या सैल पडतात, नाडी मंद होते, दाब उतरतो. कोठार रितें होण्यास दिवस लागतात आणि पुनः भरण्यासही लागतात. औषध बंद केल्यावर परिणाम कां रेंगाळतो, याचा उलगडा हा असा झाला.

परंतु असलीं कोठारें मेंदूंतही आहेत. मोठ्या मात्रेंत रेसर्पीन घेणाऱ्या कांहीं रुग्णांना खोल विषण्णतेनें ग्रासलें. कांहींनीं जीवही दिला. मात्रा कमी केल्यावर हा धोका पुष्कळच घटला. तरी औषधाचें नांव एकदां बदनाम झालें तें झालेंच. १९७४ मध्यें त्यावर स्त्रियांच्या स्तनांतील कर्करोगाचाही आरोप आला. नंतरच्या पाहण्यांत त्याला आधार सांपडला नाहीं. पण तोंवर नवीं औषधें बाजारांत आलीं होतीं, आणि वैद्यांनीं सर्पगंधेकडे पाठ फिरविली ती कायमची.

येथें एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे. नभोवाणीवर एखाद्या वनस्पतीचें नांव घेतलें कीं दुसऱ्या दिवशीं काष्ठौषधींच्या दुकानांत तिची चौकशी सुरू होते. कृपा करून तसें करूं नये. मुळींतील प्रभावी द्रव्याचें प्रमाण झाडागणिक बदलतें. चमच्याच्या मापानें घेतलेल्या चूर्णांत तें किती गेलें, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. ज्यांना पूर्वीं विषण्णतेचा विकार झाला असेल त्यांनीं तर तिच्या वाऱ्यासही उभें राहूं नये. ‘वनस्पति आहे, अपाय काय होणार?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांस सर्पगंधा हेंच उत्तर आहे.

तथापि रेसर्पीनचें सर्वांत मोठें कार्य अद्याप सांगावयाचें राहिलें आहे. दाब उतरतो हें ठरलें. पण दाब उतरल्यानें मनुष्य अधिक जगतो काय? अमेरिकेंत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनीं माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून या प्रश्नाचा छडा लावला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे यदृच्छेनें दोन गट केले. एका गटास खऱ्या गोळ्या, दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. खऱ्या गोळ्यांत तीन औषधें होतीं आणि त्यांतलें एक रेसर्पीन होतें. १९६७ सालीं निकाल बाहेर आला : पोकळ गोळ्यांच्या गटांत २७ जणांना गंभीर उपद्रव झाले, औषधाच्या गटांत अवघ्या दोघांना. ‘आवश्यक’ दाबाच्या कल्पनेला तेथेंच मूठमाती मिळाली.

डॉ. वकील १९७४ मध्यें निवर्तले. सर्पगंधेच्या प्रसिद्धीमुळें त्यांचें दुसरें काम थोडें झांकलें गेलें. डॉ. गोलवाला यांच्यासह त्यांनीं लिहिलेल्या रोगलक्षणांवरील पाठ्यपुस्तकावर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या. यंत्रापेक्षां डोळे, बोटें आणि कान यांवर त्यांत भर आहे. हृदयाचा मोठा झटका येण्यापूर्वीं पुष्कळ रुग्णांना कांहीं दिवस वा आठवडे निराळ्या जातीची छातींतील वेदना होते, याकडेही त्यांनीं १९६१ सालच्या व त्यानंतरच्या निबंधांतून लक्ष वेधलें. नेहमींची वेदना चालतांना येते आणि थांबल्यावर जाते. ही स्वस्थ बसलें असतांही येते, अधिक वेळ टिकते आणि दिवसेंदिवस वाढत जाते. रक्त न गोठूं देणारें औषध देऊन या अवधींतच रुग्णाला सांवरावें, झटक्याची वाट पाहूं नये, असें त्यांचें प्रतिपादन होतें. अशी वेदना आज एखाद्याला झाली, तर त्याला त्याच दिवशीं रुग्णालयांत नेतात.