धिमे वाचन आणि प्रार्थना



शाळा मुलाला सर्वप्रथम वाचायला शिकवते. अक्षर, शब्द, वाक्य आणि मग धडा अशा क्रमाने सुरू झालेले हे शिक्षण थोड्याच वर्षांत वेगाकडे वळते. परीक्षेत उतारा झरझर वाचून उत्तर लिहावे लागते, पुढे नोकरीत अहवाल नजरेखालून घालावे लागतात आणि घरी हातातल्या मोबाइलवर एका संध्याकाळी कितीतरी मजकूर सरकून जातो. वाचनाचे प्रमाण वाढते. पण दिवसाअखेरीस ‘यातले हे एक माझ्यापाशी राहिले’ असे म्हणण्याजोगे फार थोडे उरते. ख्रिस्ती परंपरेत याच्या नेमकी उलट अशी वाचनाची एक रीत सुमारे दीड हजार वर्षे चालत आली आहे. थोडे वाचावे, सावकाश वाचावे, तेच पुन्हा वाचावे आणि वाचता वाचता प्रार्थनेत शिरावे, अशी ती रीत. लॅटिन भाषेत तिला ‘लेक्सिओ दिविना’, म्हणजे ‘दिव्य वाचन’ म्हणतात. मठांच्या भिंतींआड वाढलेली ही रीत संसारी माणसाच्या रोजच्या दिवसाला काय देऊ शकते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

इटलीत सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी एक नियमावली रचली. तिच्या अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात हातांनी करायच्या कामाच्या आणि वाचनाच्या वेळा नेमून दिल्या आहेत. शेतात राबणे आणि ग्रंथ वाचणे ही दोन्ही त्या जीवनाची अंगे मानली गेली. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाच्या हाती एक ग्रंथ दिला जाई आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने वाचावा, असा दंडक होता. वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठ मठवासी फेरी मारत. कोणी ग्रंथ बाजूला ठेवून गप्पा तर मारत नाही ना, हे त्यांनी पाहायचे असे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या साधकांनाही वाचनाचा कंटाळा येत होता आणि त्यांच्यावरही लक्ष ठेवावे लागत होते, ही गोष्ट शिक्षकांना आणि पालकांना मोठा दिलासा देणारी आहे.

त्या काळचे वाचन बहुधा ओठ हलवत, पुटपुटत होत असे. ‘मनन’ या अर्थाचा जो लॅटिन शब्द रूढ झाला, त्यात वाक्य पुन्हा पुन्हा तोंडात घोळवणे हा अर्थ होता. त्यासाठी रवंथाची उपमा वारंवार दिली गेली. गाय कुरणात चरते तेव्हा तिचे पोट भरते; पण त्या चाऱ्याचे दूध व्हायचे तर तिने सावलीत निवांत बसून रवंथ करावा लागतो. धिम्या वाचनाचे सारे शास्त्र या एका उपमेत सामावलेले आहे.

बाराव्या शतकात त्या शास्त्राला रेखीव रूप मिळाले. फ्रान्समधील आल्प्स पर्वतात ग्रांद शार्त्रूझ नावाचा मठ आहे. तेथील प्रमुख दुसरे गिगो यांनी जर्व्हाज नावाच्या आपल्या बंधूला एक दीर्घ पत्र लिहिले. पृथ्वीवरून स्वर्गाकडे जाणाऱ्या एका शिडीची कल्पना त्यात आहे आणि तिला चारच पायऱ्या आहेत. वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. उपनिषदांच्या परंपरेतील श्रवण, मनन आणि निदिध्यासन या क्रमाची आठवण मराठी वाचकाला येथे सहज होईल. साम्य खरे आहे, तसा भेदही आहे. गिगो यांच्या शिडीत मनन आणि ध्यान यांच्यामध्ये प्रार्थनेची पायरी येते. शास्त्रवचन हे कोणीतरी आपल्याला उद्देशून बोललेले वचन आहे, अशी ख्रिस्ती श्रद्धा असल्यामुळे ऐकल्यावर उत्तर देणे येथे अपरिहार्य ठरते. गिगो यांचा इशाराही मोलाचा आहे. मननावाचून वाचन कोरडे राहते, वाचनावाचून मनन वाट चुकते, मननावाचून प्रार्थना कोमट होते. एकही पायरी वगळता येत नाही.

एक उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात बार्तिमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची कथा आहे. यरीहो गावाबाहेर रस्त्याच्या कडेला तो बसला आहे. येशू जात असल्याचे कळताच तो हाका मारू लागतो. लोक त्याला दटावतात, तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतात आणि त्याला बोलावून घेतात. तो अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. तेव्हा येशू त्याला विचारतात, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? ही कथा वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. दिव्य वाचनात ती दोनदा, तीनदा, शक्यतो ओठांनी वाचली जाते. ही झाली पहिली पायरी. मग एखादा तपशील मनाला अडवतो. भिकाऱ्याचे ते वस्त्र म्हणजे बहुधा त्याची सारी मालमत्ता. ते त्याने सहज कसे टाकले? किंवा आंधळ्याला दृष्टीच हवी असणार हे उघड असताना तो प्रश्न विचारला तरी का गेला? हे मनन. पुढे तो प्रश्न वाचकालाच विचारलेला आहे असे जाणवू लागते आणि आपल्याला नेमके काय हवे आहे, हे आपल्यालाच ठाऊक नाही, असे ध्यानात येते. त्या गोंधळातून जे बोलणे निघते ती प्रार्थना. आणि बोलणे संपल्यावर काही क्षण नुसते शांत बसणे, काही मागणे नाही आणि काही सिद्ध करणे नाही, ते ध्यान. ही शेवटची पायरी माणसाच्या हातची नाही, ती कृपेने मिळते, असे ही परंपरा सांगते. पहिल्या तीन पायऱ्या मात्र माणसाच्या हातच्या आहेत.

येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. हे वाचन कोणत्या भाषेत करावे? स्पेनमधील अविलाच्या संत तेरेसा यांचे चरित्र त्याचे उत्तर देते. १५१५ मध्ये जन्मलेल्या तेरेसा प्रार्थनेच्या थोर आचार्या मानल्या जातात. १९७० मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना ‘धर्मपंडिता’ ही पदवी दिली, आणि हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. याच तेरेसांनी आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की सुमारे अठरा वर्षे, कम्युनियन घेतल्यानंतरचा वेळ सोडला तर, हाती पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे धाडस त्यांना झाले नाही. मन सैरभैर होई. पुस्तक उघडले, कधी नुसते जवळ असले, तरी ते थाऱ्यावर येई. मग १५५९ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायपीठाने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली आणि लोकभाषेतली अनेक भक्तिपर पुस्तके वाचण्यास मनाई केली. लॅटिन ग्रंथ राहिले. पण ती भाषा तेरेसांना येत नव्हती. जी भाषा त्यांना येत होती, तीत देवाशी बोलण्याचा आधार एका हुकमाने काढून घेतला गेला. त्या फार दुःखी झाल्या. त्या दुःखात आपल्याला एक जिवंत ग्रंथ देण्याचे आश्वासन प्रभूकडून मिळाले, असे त्या सांगतात. पुढे त्यांनी स्वतःच स्पॅनिश भाषेत लिहिले, आणि आपल्या मठातील भगिनींना समजेल अशा घरगुती बोलीत लिहिले.

असाच पेच त्या शतकाच्या अखेरीस गोव्यातही निर्माण झाला होता आणि त्याचे उत्तर मराठीत लिहिले गेले. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणे वाचण्यास बंदी होती, पण त्यांच्या जागी घरी वाचावे असे काहीच हाती नव्हते. ही उणीव श्रोता बोलून दाखवतो, असा प्रसंग ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच येतो. ओवी छंदातले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. परदेशातून आलेल्या माणसाला हे उमगले होते, की ज्या लयीत माणसाचे कान लहानपणी घडले, त्याच लयीत वचन त्याच्या अंतरात उतरते. पुढे गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण जपले आणि १९०७ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली ती मंगळूरमध्ये. आपला मुलूख सोडून गेलेल्यांनीच तो ठेवा सांभाळला, ही नोंद अशा शाळेच्या स्मरणिकेत असायलाच हवी.

पंडिता रमाबाईंची कथाही याच धाग्यातली. त्यांचे बालपण देशभरच्या भ्रमंतीत गेले. तीर्थक्षेत्री पुराणे वाचून दाखवणे हाच त्यांच्या कुटुंबाचा निर्वाहाचा मार्ग होता. सावकाश आणि मोठ्याने वाचलेला शब्द ऐकणाऱ्याच्या मनात कसा शिरतो, हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. फारसे शिक्षण न मिळालेल्या स्त्रियांनाही ते स्वतः वाचता यावे, हा हेतू त्यामागे होता. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर प्रसिद्ध झाले.

आता प्रश्न रोजच्या दिवसाचा. सकाळी डबे भरायचे, लोकल किंवा बस गाठायची, आजारी वडीलधाऱ्यांचे औषधपाणी पाहायचे, त्यात हे वाचन आणि मौन बसवायचे कोठे? पॅरिसमधील कार्मेलाइट मठातील बंधू लॉरेन्स यांचे जीवन या प्रश्नाला सामोरे जाते. त्यांचे मूळ नाव निकोला हेर्मां. तरुणपणी ते सैनिक होते आणि युद्धात जखमी झाले. मठात आल्यावर त्यांना स्वयंपाकघरात नेमले गेले, आणि त्या कामाची त्यांना मुळातच नावड होती. तेथे त्यांनी सुमारे पंधरा वर्षे काढली. एकदा मठासाठी द्राक्षमद्य विकत आणायला त्यांना बर्गंडीला पाठवले. पाय अधू असल्यामुळे होडीतल्या पिंपांवरून गडगडत जाऊन त्यांना इकडून तिकडे व्हावे लागले, असे त्यांनी सांगितले आहे. पुढे त्यांच्याकडे चपला दुरुस्तीचे काम आले. भांड्यांच्या गर्दीत आणि हाकांच्या गोंगाटातही देव जवळ आहे याची आठवण ठेवायची, ती सुटली की स्वतःवर न चिडता पुन्हा धरायची, एवढीच त्यांची साधना होती. १६९१ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर जोसेफ द बोफोर यांनी त्यांची पत्रे आणि संभाषणे प्रसिद्ध केली. ते छोटे पुस्तक आजही जगभर वाचले जाते.

हे सोपे होते, असा समज मात्र होऊ नये. आरंभीची दहा वर्षे अतिशय क्लेशाची गेली, असे लॉरेन्स स्वतःच लिहितात. तेरेसांची अठरा वर्षे, लॉरेन्स यांची दहा. या आकड्यांत साधकासाठी मोठी सांत्वना आहे. चार दिवस बसून मन लागले नाही म्हणून सोडून देणाऱ्याने त्यांच्याकडे पाहावे. मन भटकणे हे अपयशाचे लक्षण नव्हे. ते परत आणणे हीच साधना आहे.

मग प्रगती कशी ओळखावी? दृष्टांत, अश्रू किंवा अपूर्व शांती यांना या परंपरेने कसोटी मानले नाही. तेरेसांनी शेजाऱ्यावरील प्रेम हीच खात्रीची खूण मानली. एखाद्या भगिनीला वेदना होत असतील तर आपली ध्यानमग्नता मोडू नये म्हणून बसून राहू नका, उठून तिची सेवा करा, असे त्या आपल्या सहकारिणींना बजावतात. वाचनाने आणि मौनाने घरातल्या माणसांशी बोलण्याचा स्वर बदलला नाही, तर शिडी नुसती भिंतीला टेकून ठेवली, असे समजावे.

ज्यांना आरंभ करायचा असेल त्यांच्यासाठी रीत साधी आहे. रोज एकच वेळ आणि एकच जागा ठरवावी. पंधरा मिनिटे पुरेत. उतारा लहान असावा, आठ-दहा ओळींचा, आणि तो छापील पुस्तकातून घ्यावा, म्हणजे दुसरे काही खुणावणार नाही. मनाला अडवणारा एक शब्द धरावा आणि तो दिवसभर बरोबर न्यावा. पाचव्या शतकात जॉन कॅसियन यांनी ईजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांकडून शिकलेली एक पद्धत लिहून ठेवली आहे. स्तोत्रसंहितेतील साहाय्याच्या याचनेचे एक छोटे वचन काम करताना, चालताना, झोपी जाताना म्हणत राहावे, अशी ती पद्धत. नामस्मरणाच्या संस्कारात वाढलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटणार नाही. ख्रिस्ती कुटुंबांनी शुभवर्तमान घ्यावे. इतरांनी आपापल्या परंपरेतला ग्रंथ घ्यावा. ज्ञानेश्वरीची एकच ओवी घेऊन तिच्यात दिवसभर राहणारी माणसे महाराष्ट्राने पाहिली आहेत. धिमेपणा ही कोणा एका धर्माची मालमत्ता नाही.

मराठी मुलखापासून दूर असलेल्या शाळेत मुलाला मराठी वाचायला शिकवून काय साधते, असा प्रश्न पालकांना अनेकदा विचारला जातो. व्यवहाराची भाषा वेगळी, नोकरीची वेगळी, मग ही कशासाठी? तेरेसांच्या हातून पुस्तके गेली तेव्हा जे हरपले, त्यात याचे एक उत्तर आहे. माणूस व्यवहार कितीही भाषांत करो. संकटात, आजारपणात आणि एकांतात तो बहुधा एकाच भाषेत बोलतो. त्या भाषेतला एक उतारा सावकाश वाचता येणे, त्यावर थांबता येणे आणि त्याला उत्तर देता येणे, ही शिदोरी या शाळेने साठ वर्षांत मुलांच्या हाती दिली आहे. ज्यांना ती मिळाली त्यांनी आज रात्री घरी एखादे जुने पुस्तक उघडावे, जवळ मूल असल्यास त्यालाही शेजारी बसवावे आणि दहा ओळी मोठ्याने, सावकाश वाचाव्यात.