मासोळीवर कापूस
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला कॉम्प्युटरवर बोलायला सांगितलं होतं. पण तो आता प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यावर मी नवीन काय सांगणार? मी आज मासोळीवर बोलणार आहे. मी इंजिनियर, जीवशास्त्र कधीच मागे पडलं. तरी दोन वर्षांपूर्वी एक चूक केली आणि त्यापायी बरंच वाचावं लागलं.

माझ्या धाकट्या भावानं पुसदजवळ आमच्या शेतात शेततळं केलं. कापसाच्या जोडीला चार पैसे येतील म्हणून त्यात रोहू, कटला आणि मृगळची बोटुकली सोडली. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून गेलो, तोवर मासे वीतभर झाले होते. भाच्यांना दाखवायला त्यानं जाळं टाकलं. मग फोटो! एकेक मासा हातात धरला, निसटला की मातीत पडला, पुसला, पुन्हा धरला. तास-दीड तास हा खेळ चालला. नंतर सगळे पाण्यात सोडले आणि आम्ही निघून आलो.

आठ-दहा दिवसांनी भावाचा फोन आला, "ताई, मासोळ्यांवर कापूस आला वं."

खरोखर कापूसच. बोंड फुटल्यासारखे पांढरे पुंजके अंगावर आणि शेपटीवर. ही सॅप्रोलेग्निया नावाची पाण्यातली बुरशी. ती तळ्यात एरवीही असते. मग आधी का लागली नाही? तिथून माझं वाचन सुरू झालं.

मासा हाताला बुळबुळीत का लागतो? तो बुळबुळीत थर म्हणजे त्याचं पहिलं संरक्षण. त्यात जंतू अडकतात आणि थर सतत झडून नवा होतो, त्याबरोबर तेही वाहून जातात. आपल्या अश्रूंमध्ये जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम असतं, ते या थरातही असतं. प्रतिपिंडंही, म्हणजे अँटिबॉडीजही असतात. जिकडेतिकडे जंतू असलेल्या पाण्यात मासा जन्मभर उघड्या अंगानं राहतो, तो याच्या जोरावर.

हा थर फाटला, खवला निघाला, की आतली फौज धावते. गिळणाऱ्या पेशी जंतूंना गिळतात, रक्तातली काही प्रथिनं त्यांना भोकं पाडतात. आपल्या रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. माशाला तसा मगज नाही. त्याचं हे काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो. आणखी एक गंमत. आपल्या शरीरात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचं काम मुख्यतः तेवढंच, असं मानलं जाई. माशात त्याच पेशी जंतू गिळतातही, हे २००६ मध्ये ट्राउट माशावरच्या संशोधनात दिसलं. आमच्या कंपनीत असा माणूस सापडला तर आम्ही त्याला सोडणार नाही!

पण या फौजेची एक अडचण आहे. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा थंड. पाणी गार झालं की प्रतिपिंडं बनायला फार वेळ लागतो, आणि ही बुरशी तर गारव्यातच फोफावते. त्यात माशाला घाबरवलं, गर्दीत कोंडलं, की कॉर्टिसॉल वाढतं आणि प्रतिकार आणखी मंदावतो. आता आमचा हिशोब मांडा. महिना डिसेंबर, अंगावरचा थर पुसलेला, वर तासभर घाबरवलेलं. एकही कसर आम्ही सोडली नव्हती.

घाबरून भावानं कोणाच्या तरी सांगण्यावरून अँटिबायोटिकची पावडर आणली होती. नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या एका ओळखीच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ते औषध जिवाणूंवर चालतं. बुरशीचं ते काही करणार नाही. मेलेले मासे रोज काढा, थोडं ताजं पाणी सोडा, आणि हात लावू नका." तसंच केलं. तरी साठ-सत्तर मासे गेले. भाऊ मला एका शब्दानं बोलला नाही. तेच जास्त लागलं.

नॉर्वेत १९८७ मध्ये सामन माशांच्या शेतीत जवळजवळ ५० टन अँटिबायोटिक वापरलं गेलं. मग लस आली. आज तिथं प्रत्येक पिल्लाला टोचतात. उत्पादन दहा लाख टनांच्या वर आणि अँटिबायोटिक एका टनाहून कमी. म्हणजे माशाचं शरीर शिकवलेलं लक्षात ठेवतं. पण आपल्या शेततळ्यात रोहूला एकेक करून कोण टोचणार? आपल्याकडची स्वस्त लस म्हणजे स्वच्छ पाणी, बेताची गर्दी आणि थंडीत जाळ्याला सुट्टी.

आता शेवटचं. आठवीत आपल्यातल्या कोणीतरी लोणच्याच्या बरणीत पूस नदीची मासोळी आणली होती, आठवतं? सगळ्यांचे हात बरणीत. तेव्हा सर ओरडले होते, "अरे, कोरड्या हातानं मासोळीले हात लावू नका, आधी हात ओला करा!" का, ते त्यांनी सांगितलंही असेल. आम्ही मागच्या बाकावर हसत होतो. कोरडा हात तो थर ओढून काढतो, ओला हात कमी काढतो. एवढंच होतं ते.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून कबूल करते: तुमचं ते वाक्य मला समजायला जवळजवळ तीस वर्षं आणि भावाचे साठ-सत्तर मासे लागले.

यंदा भावानं पुन्हा बोटुकली सोडली आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेततळं आहे, त्यांनी एवढं ध्यानात ठेवा. आणि आमच्याकडे आलात तर मासे काठावरूनच बघा. फोटो पाण्यातल्या माशाचाही चांगला येतो.