गोदीच्या स्फोटाचे स्मरण

१४ एप्रिल ही तारीख महाराष्ट्रात बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची म्हणून घरोघर ठाऊक आहे. त्याच दिवशी मुंबईत, भायखळ्याच्या अग्निशामक दलाच्या मुख्य कचेरीत, १९४४ साली कर्तव्य बजावीत असता मृत्यू पावलेल्या ६६ जवानांना मानवंदना दिली जाते. आणि तेव्हापासून २० एप्रिलपर्यंत सबंध देशात अग्निशमन सप्ताह पाळला जातो. सप्ताहातील प्रात्यक्षिके मुले कौतुकाने पाहतात. तो १४ तारखेलाच का सुरू होतो, हे मात्र विचारले असता फार थोड्यांना सांगता येते. मुंबईतील ज्या जुन्या कुटुंबांत ही आठवण टिकून राहिली, त्यांना सप्ताहाशी कर्तव्य नव्हते. त्यांच्या लेखी तो एक शुक्रवार होता, आणि वेळ दुपारी चारच्या सुमाराची.

‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज इंग्लंडातील बर्कनहेड बंदरातून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता. कराचीस त्यावर कापसाचे हजारो गठ्ठे चढविण्यात आले. शिवाय तेलाची पिंपे आणि लाकूड. युद्धकाळात जहाजांची टंचाई असल्यामुळे मिळेल त्या जागेत मिळेल तो माल भरीत, हे खरे. तरीही कापूस आणि स्फोटके एकाच तळघरात रचणाऱ्यांच्या बुद्धीचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावावयाचे लाल निशाणही त्यावर नव्हते.

भोजनाच्या सुट्टीनंतर हमाल कामावर परतले, तो दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरातून धूर निघताना दिसला. बंब आले. पाण्याचे लोट आत सोडण्यात आले. पण आगीचे मूळ सापडेना. जहाज गोदीतच बुडवावे की समुद्रात ओढून न्यावे, याचा खल धक्क्यावर चालला होता. अधिकारी पुष्कळ होते, परंतु सर्वांना मान्य व्हावा असा शेवटचा शब्द उच्चारण्याचा अधिकार त्यांपैकी एकालाही नव्हता. आत काय भरले आहे हे कळल्यावरही नळीवरचे जवान आपल्या जागा सोडून गेले नाहीत. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम सुटला. त्यानंतर सोळा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, त्याहूनही मोठा. सिमल्याच्या वेधशाळेतील भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शेजारच्या ‘जलपद्म’ बोटीचा मागचा भाग उचलला जाऊन धक्क्यावर येऊन पडला.

मांडवी, मशीद बंदर, दाणा बंदर या भागांतील चाळी व धान्याच्या वखारी पेटल्या. शिधापत्रिकेवर मोजून धान्य घेणाऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत धान्याचे ढीग जळत होते. जपानने हल्ला केला असे समजून माणसे मिळेल त्या वाटेने शहराबाहेर निघाली. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले.

या दुर्घटनेची वार्ता नभोवाणीवरून देशाला प्रथम कोणी दिली, हे नभोवाणीच्या श्रोत्यांनी अवश्य ध्यानी ठेवावे. जपानच्या ताब्यातील सायगाव केंद्राने दुसऱ्याच दिवशी ती सविस्तर प्रक्षेपित केली. येथील वार्ताहरांना मात्र सरकारी नियंत्रणामुळे पूर्ण वृत्त धाडण्याची मोकळीक मे महिन्यात मिळाली. ज्या नगरीच्या खिडक्यांच्या काचा फुटून पडल्या होत्या, तिला आपले दुःख शत्रूच्या तोंडून ऐकावे लागले! घरातले माणूस सायंकाळी परतले नाही, तर विचारावयाचे कोणाला? इस्पितळांतून हिंडावे, ओळखीच्या मुकादमाला गाठावे, हेच त्या काळी वर्तमानपत्र. त्यामुळे ही आठवण छापील कागदावाचून, एकाने दुसऱ्याला सांगत पुढे चालत आली. तीत तारखा चुकतात, पण परतलेल्या माणसाच्या अंगावरचा सदरा कोणता होता हे चुकत नाही.

अशा आठवणींत एक दोषही शिरतो. त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. त्यांपैकी एक वीट गोदीपासून दूर राहणाऱ्या एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली, ही हकीकत आजही आवडीने सांगितली जाते. पुढे कित्येक वर्षांनी गोदीतील गाळ उपसताना काही विटा सापडल्या, तेव्हा ती पुन्हा ताजी झाली. गृहस्थांचा सचोटीपणा वंदनीयच. परंतु गोष्ट ऐकणाऱ्या मुलाच्या ध्यानात सोने राहते. पाण्याची नळी धरून उभा राहिलेला माणूस राहत नाही.

त्याहून अधिक विस्मृती हमालांच्या वाट्याला आली. अग्निशामक दलातील मृतांचा आकडा ६६ असा निश्चित सांगता येतो, कारण दलाला हजेरीपट होता, गणवेश होता, वरिष्ठ होते. एकंदर मृतांचा आकडा कोणी आठशे सांगतात, कोणी तेराशे. या दोन आकड्यांमधील पाचशे माणसे बहुधा ती, जी रोजंदारीवर त्या दिवशीच कामास लागली होती, बंदरावरच निजत होती, किंवा ज्यांची चौकशी करण्यास मुंबईत कोणी आप्त नव्हते. त्यांची बायकामुले कोकणात वा घाटावर पत्राची वाट पाहत राहिली असतील. सरकारने १९४४ मध्येच नुकसानभरपाईचा खास वटहुकूम काढला. परंतु ज्याचे मरणच कोठे नोंदले गेले नाही, त्याच्या विधवेने अर्ज कोणत्या पुराव्यानिशी करावा?

हजारो माणसे राबून त्याच वर्षाच्या अखेरीस गोदी पुन्हा चालू झाली. आज व्हिक्टोरिया गोदी उरलेली नाही. ती आणि शेजारची प्रिन्स गोदी बुजवून तेथे सपाट जमीन करण्यात आली आहे. बर्थ क्रमांक एक कोठे होता हे दाखविण्यासाठी आता जुना नकाशाच काढावा लागतो.