शेलाटा बांधा आणि अंगासरसे कपडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि चारचौघींत उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण कात्री आणि टेप गेली वीस वर्षे हातात आहेत, म्हणून चिटणीसबाईंनी "शिवणाबद्दल काही सांगा" असा आग्रह केला. मी विषय निवडला आहे तो अगदी बारीक अंगाच्या बाईच्या कपड्यांचा.

तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? बारीक बाईला काय, काहीही नेसवा, शोभते! शोभते खरे, पण आधी ते अंगाला बसायला तर हवे. माझ्या धाकट्या जावेचेच उदाहरण घ्या. वय एकतीस, एका मुलाची आई, पतसंस्थेत नोकरी. वजन अडतीस किलो, छातीचे माप अठ्ठावीस. शहरातल्या एका मोठ्या दुकानात आम्ही तिच्यासाठी कुर्ता घ्यायला गेलो. बायकांच्या विभागातला सर्वांत लहान कुर्ता तिच्या खांद्यावरून घसरत होता. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, वरच्या मजल्यावर बारा-चौदा वर्षांच्या मुलींचे बघा." वर झालरी, फुलपाखरे आणि चमक्या. ते घालून ती कामावर गेली, तर कर्जाचे कागद घेऊन येणारा माणूस विचारतो, "बाळ, आत कोणी मोठे आहे का?" आपण हसतो, पण ज्या बाईला लोकांच्या पैशांचा हिशेब ठेवायचा आहे, तिचा शब्द लोकांनी मानायला नको का?

बारीक बायका काही थोड्या नाहीत. सरकारची २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की, आपल्या देशात १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर बायकांत सुमारे १९ जणींचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे. यांतल्या कित्येकींना पुरेसे अन्न मिळत नाही, हे दुःख वेगळे आणि मोठे आहे. कोणाचे वजन एकाएकी उतरू लागले, सारखा थकवा किंवा खोकला असला, तर शिंप्याकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडे जावे. थायरॉइड, मधुमेह, क्षय यांनीही वजन उतरते. माझ्या जावेचे रक्त तपासून झाले आहे. ती ठणठणीत आहे. तिचा बांधाच तिच्या वडिलांसारखा.

आता कामाचे बोलू. पहिली गोष्ट, मुलींचे कपडे बाईला बसत नाहीत. छातीचे माप जुळले तरी मुलीच्या कपड्याला टक्स नसतात, कंबर वर येते, बाही आणि उंची तोकडी पडते. दुसरी गोष्ट, बारीकपणा झाकायला म्हणून ढगळ घालू नये. "अंगापेक्षा बोंगा मोठा" ही म्हण आपल्याला ठाऊक आहेच. ढगळ कपडा खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो आणि आतले अंग आणखीच वाळके वाटते. घट्ट घातले तर हाडे दिसतात. म्हणून कपडा अंगासरसा हवा. कुर्त्याला छातीच्या मापापेक्षा तीन-चार इंच सैल पुरे.

तयार कपडा घ्यायचाच तर आधी खांदा पाहावा. बाजूच्या शिवणी कोणालाही आत घेता येतात. पण खांदा उतरला आणि मुंढा मोठा राहिला, तर बाजू कितीही दाबा, काखेत फुगा येतोच. तो काढायचा तर बाही उसवून खांदा व मुंढा नव्याने बेतावा लागतो. त्यापेक्षा कापड घेऊन शिवणे सोपे. आम्ही तेच केले. अडीच मीटर सुती कापड, गडद निळा रंग, बंद गळा, कोपरापर्यंत बाही, वरून खणाचे बिनबाह्यांचे जाकीट. खणाचे कापड जाड विणीचे, ते अंगाला चिकटत नाही, म्हणून बारीक अंगाला भरीवपणा येतो.

ब्लाउजचेही तसेच. गळ्याची हाडे वर दिसतात याचा संकोच वाटत असेल, तर खोल गळ्याऐवजी बंद किंवा आडवा गळा घ्यावा. अस्तर लावावे. बाजूंच्या शिवणीत दीड इंच माया ठेवावी. उद्या अंग भरले तर ब्लाउज टाकून द्यावा लागत नाही.

साडीबाबत तर आपले नशीब चांगले, साडीला माप नसते. पण नेसण्याची युक्ती आहे. कंबर बारीक, म्हणून निऱ्या जास्त होतात आणि पुढे गठ्ठा येतो. अशा वेळी एक वेढा जास्त घ्यावा किंवा निऱ्या रुंद घालाव्यात. आत घेराचा सुती परकर घालावा. जॉर्जेट, शिफॉन अंगाला लपेटून बसते. त्यापेक्षा खळ दिलेली सुती साडी, इरकल, नारायणपेठ, टसर यांना स्वतःचा फुगारा असतो. आडवे पट्टे आणि मोठ्या चौकटी शोभतात. मात्र उंची कमी असेल तर हातभर काठ घेऊ नये, दोन-तीन बोटांचा पुरे. पदराच्या बारीक घड्या करून पिन लावण्यापेक्षा तो हातावर मोकळा सोडावा.

शेवटची गोष्ट शिवणाची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जाडीला "जाडी" म्हणायला आता आपण कचरतो. पण बारीक बाई दिसली की "पाप्याचं पितर", "घरी खायला घालत नाहीत का ग?", "वारा आला तर उडशील" हे आपल्या तोंडून सहज निघते. माझी जाऊ दोन वर्षे हळदीकुंकवाला आली नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "ताई, वाण घ्यायला यायचे आणि टोमणे घेऊन जायचे, नको वाटते." भगिनींनो, मंडळ कशासाठी काढले आपण? घरात जे बोलता येत नाही ते बोलायला, आणि बाहेर जे ऐकावे लागते ते इथे तरी ऐकावे लागू नये म्हणून!

तेव्हा माझी एक सूचना आहे. आपल्या शिवणवर्गात बत्तीसपासून पुढचे कागदी नमुने आहेत. त्यांत अठ्ठावीस आणि तीस हेही घालावेत, मुलींच्या फ्रॉकचे नव्हे, बाईच्या ब्लाउजचे आणि कुर्त्याचे. दोन्ही मी कापून आणले आहेत. ते वर्गाच्या कपाटात ठेवते. ज्यांना लागतील त्यांनी न लाजता मागून घ्यावेत. कापण्यात अडचण आली तर दुपारी तीननंतर मी घरी असते.