गुडघेदुखी : उपचारांचा क्रम



पुण्याजवळच्या भिगवण गावात 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे 18 टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते. संधिवात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वाकड्या बोटांचा आमवात येतो. त्याचे रुग्ण शंभरात एकही भरले नाहीत. सांध्यांच्या झिजेचे रुग्ण मात्र त्याच्या कितीतरी पट होते. म्हणजे हा आजार शहरी सुखवस्तू माणसांपुरता नाही. आपल्या विदर्भात कापूस वेचणाऱ्या आणि धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून राबणाऱ्या बाईलाही तो गाठतो. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे निघतो, ‘गॅप कमी झाली’ असे सांगितले जाते, आणि त्यानंतर गोळ्या, इंजेक्शन, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, सांधेबदल अशी वाट सुरू होते. माझे म्हणणे एवढेच आहे की या वाटेचा क्रम चुकला आहे. व्यायाम आणि वजन घटवणे हे उपचार आपण शेवटी, तेही जाता जाता दिलेल्या सल्ल्यासारखे ऐकतो. पुरावा सांगतो की ते पहिले हवेत, आणि शस्त्रक्रिया तिच्या योग्य वेळी हवी.

गैरसमजाचे मूळ आपल्या मनातल्या चित्रात आहे. गुडघा म्हणजे गाडीचा सुटा भाग, वापरला की झिजणार, वंगण संपले की घासणार, असे आपण धरून चालतो. पण गुडघा जिवंत आहे. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब येतो आणि सुटतो, तेव्हा भोवतीच्या द्रवातून तिला पोषण मिळते. त्यामुळे हालचाल थांबली की कूर्चेचे पोषण मंदावते आणि मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो. हा स्नायू पावलागणिक बसणारा धक्का झेलत असतो. तो दुबळा पडला की सगळा भार सांध्यावर येतो. वजनाचे गणितही असेच स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे आढळले. दिवसाला हजारो पावले टाकणाऱ्या माणसाला पाच किलो घटवण्याचे मोल किती, हे यावरून ध्यानात येईल.

यावर पहिला आक्षेप येतो तो एमआरआयचा. ‘गादी फाटलेली चित्रात स्पष्ट दिसते, मग ती दुर्बिणीतून साफ का करू नये?’ याचे उत्तर अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये मिळाले. तिथे पन्नाशीपुढच्या 991 लोकांचे एमआरआय काढले. एक तृतीयांशाहून अधिक गुडघ्यांत गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटलेली किंवा खराब झालेली निघाली. पण अशा लोकांपैकी 61 टक्क्यांना मागच्या महिन्याभरात कसलाही त्रास झाला नव्हता. चित्रातला दोष हेच दुखण्याचे कारण असेल, असे नाही. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी 2002 साली याहून कठोर कसोटी लावली. झीज झालेल्या 180 रुग्णांपैकी काहींचा सांधा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा फक्त धुतला आणि काहींच्या कातडीवर केवळ छेद दिले. दोन वर्षांनी तिन्ही गटांत फरक नव्हता. फिनलंडमध्ये 2013 साली झीज नसलेल्या पण गादी फाटलेल्या 146 रुग्णांवर अशीच कसोटी घेतली. निष्कर्ष तोच निघाला. गोळ्या-इंजेक्शनांचेही तसेच. झिजेवरच्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची 2006 मध्ये 1,583 रुग्णांवर चाचणी झाली, स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपी इंजेक्शनची 2021 मध्ये 288 रुग्णांवर. दोन्ही उपचार एकूण रुग्णांत बनावट औषधाहून सरस ठरले नाहीत.

दुसरा आक्षेप तरुण खेळाडूंचा. कबड्डीत पकड होताना पाय रोवलेला राहतो, अंग वळते आणि एसीएल हा अस्थिबंध तुटतो. तिथे तरी शस्त्रक्रिया तातडीने नको का? स्वीडनमध्ये 18 ते 35 वयाच्या 121 तरुणांचे दोन गट केले. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याला आधी व्यायाम दिला आणि गरज पडल्यास पुढे शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच काम देत होते, आणि दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा नाही. ज्याचा गुडघा व्यायामानंतरही दगा देतो, ज्याला पुन्हा मैदानात उतरायचे आहे, त्याला ती हवीच. गुडघा अडकून सरळच होत नसेल, ताप येऊन तो सुजला असेल, मार लागून पाय टेकवता येत नसेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सांधेबदल उत्तम उपचार आहे, मग तो लांबवायचा कशाला? ऑक्टोबर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, जून 2001 मध्ये उजवा. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया घराघरांत ठाऊक झाली. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. सरासरी दीड लाखाच्या पुढे असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा कर वगळता 54,720 रुपयांवर आला. हे स्वागतार्ह आहे. पण डेन्मार्कचा 2015 चा अभ्यास दोन्ही बाजू दाखवतो. सांधेबदलासाठी पात्र ठरलेल्या 100 रुग्णांत शस्त्रक्रिया झालेल्यांना अधिक आराम पडला, हे खरे. पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. शस्त्रक्रियेविना व्यायाम, आहार, मार्गदर्शन असे उपचार मिळालेल्या गटातही मोठ्या संख्येला आराम पडला आणि सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीशी वाटली नाही. झीज पुढच्या टप्प्याला गेली आहे, रात्रीची झोप उडाली आहे, घरात चालणेही अवघड झाले आहे, अशांनी ती बिनधास्त करावी. बाकीच्यांना थांबून पाहायला वेळ आहे.

व्यायामाने दुखणे पूर्ण जाते, असा माझा दावा नाही. आराम मध्यम प्रमाणात मिळतो आणि व्यायाम सोडला की तो ओसरतो. पण वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्याने जठराला आणि मूत्रपिंडाला जो धोका असतो, तो इथे नाही. ‘राबणाऱ्या बाईला वेळ कुठे?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. तिला जिम नको. खुर्चीवर बसून पाय सरळ ताणणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, एका पायरीवर चढ-उतर करणे, एवढे घरातच होते. हे नीट शिकवणारा फिजिओथेरपिस्ट तालुक्याच्या रुग्णालयात असणे ही सार्वजनिक आरोग्यसेवेची जबाबदारी आहे, आणि तशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. नागपूरच्या उन्हाळ्यात चालायचे ते सूर्य वर येण्याआधी. मांडी घालून बसणे सर्वांनी सोडण्याची गरज नाही. बसताना दुखते त्यांनी खुर्ची आणि कमोड वापरावा.

शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा : माझ्यासाठी शस्त्रक्रियेशिवाय काय करता येईल, आणि ते किती दिवस करून पाहू? तातडीची लक्षणे नसतील तर बारा आठवडे मनापासून व्यायाम करा आणि मग निर्णय घ्या.