आपलं नाव



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘नोकरीत स्वतःचा ब्रँड कसा घडवावा’. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे : नाव.

लहानपणी मी आईबरोबर मालवणच्या मासळी बाजारात जायचो. आई ठरलेल्या एकाच बाईकडून मासे घ्यायची. कारण ती बाई एखाद्या दिवशी स्वतःच सांगायची, “आज नको गो बाये, सुरमय कालची आसा.” त्या दिवशीचं गिऱ्हाईक जायचं, पण दुसऱ्या दिवशी आई पुन्हा तिच्याचकडे.

मुंबईत नोकरीला लागल्यावर मी हे विसरलो. एकदा बोलता बोलता तोंडातून ‘खय’ निघालं आणि टेबलाभोवती हशा पिकला. तेव्हापासून बैठकीत मी गप्प बसू लागलो. पुढे महिनाभर खपून मालसाठ्याचा हिशेब जुळवला, पण तो साहेबांपुढे मांडायची वेळ आली तेव्हा कागद शेजारच्या सहकाऱ्याच्या हातात दिले. बढती त्याला मिळाली. त्यानं काही चोरलं नव्हतं. माझं नाव मीच सोडलं होतं.

त्याच सुमारास दादरला ‘वस्त्रहरण’ पाहिलं. गंगाराम गवाणकरांचं हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं. आपल्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी त्यात तात्या सरपंच झाले होते. तोवर व्यावसायिक नाटकात मालवणी बोलणारा बहुधा घरगडी असायचा. इथे मात्र ज्या बोलीपायी मी गप्प झालो होतो, तिलाच सारं सभागृह दाद देत होतं.

सुरुवातीला या नाटकाला गर्दी नव्हती. पु. ल. देशपांडे यांनी कौतुकाचं पत्र लिहिलं, ते जाहिरातीत आलं आणि प्रेक्षक वळले. पण पत्र वाचून माणूस एकदा येतो. प्रयोग पाच हजारांच्या पुढे गेले, ते रोज रंगमंचावर केलेल्या कामामुळे. कांबळींनी आपल्या नाट्यसंस्थेलाही गावच्या देवीचं नाव दिलं, भद्रकाली.

पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो. भाषा ऑफिसची होती, हेल मालवणीच राहिला. हिशेबात एक चूक माझी होती, तीही आधीच सांगून टाकली. कोणी हसलं नाही. पुढे पुढे साठ्याचा प्रश्न आला की साहेब मलाच हाक मारू लागले.

आपली मुलं आता नोकरीला लागली आहेत. त्यांना मी एवढंच सांगतो : केलेलं काम आपल्या तोंडानं मांडा, आणि सुरमय कालची असेल तर तेही आपणच सांगा.

या शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायला आपण कधी लाजलो नाही. पहिल्याच यत्तेत शिकलेला हा धडा मला नोकरीत पुन्हा गिरवावा लागला.